आणखी एक वर्ष

२०१५ सालच्या आगमनकाळातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामात दर रविवारी मिस्सेला येणाऱ्यांना एक चारपानी पत्रक देण्यात येते. त्याचे टंकलेखन, मांडणी आणि मुद्रितशोधन ह्या कामांचा भार बरीच वर्षे आमच्याकडे आहे. त्या वर्षी आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी संत लूकच्या शुभवर्तमानातील बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उतारा होता. त्यावर आम्ही एक लहानसे चिंतन लिहिले. प्रभूसाठी वाट सिद्ध करायची तर माणसामाणसांतील दऱ्या आधी बुजल्या पाहिजेत, असा त्याचा आशय. पत्रक छापून आले, वाटले गेले आणि मिस्सा संपल्यावर कोळीवाड्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ हसतहसत आमच्यापाशी आले.

"मास्तर, दर्या बुजवायला निघालात! मग आम्ही होड्या कुठे घालायच्या?"

पत्रक उघडून पाहतो तो काय, चार ठिकाणी 'दऱ्या'ऐवजी 'दर्या' छापले गेले होते! लिहिताना पडद्यावर शब्द बिनचूक होता. छापखान्यासाठी प्रत सिद्ध होताना मात्र 'र'ची ती आडवी, पापणीसारखी खूण नाहीशी झाली आणि तिच्या जागी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार येऊन बसला. हिंदीला ह्या खुणेची गरज नाही. मराठीचे मात्र तिच्यावाचून चालत नाही. ती हरवली की दऱ्यांचा दर्या होतो आणि स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याला आचार्यपद मिळते.

आम्ही वापरत होतो ती लेखनप्रणाली मुक्तस्रोत जातीची होती. अशा प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, सुधारता येते आणि इतरांना देता येते. ती विकत घ्यावी लागत नाही. मग तीत काही बिघडले तर गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे? त्यासाठी ह्या प्रकल्पांची एक जाहीर नोंदवही असते. जगातील कोणीही तीत लिहावे : अमुक करताना तमुक व्हायला हवे होते, ते न होता भलतेच झाले. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो. ज्याला आज्ञावली लिहिता येते तो नुसती तक्रार न करता स्वतःच दुरुस्ती करून पाठवतो. प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी ती तपासायची आणि योग्य वाटल्यास स्वीकारायची, अशी रीत आहे.

आम्ही शब्दकोश उशाशी घेऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमची नोंद लिहिली. दोन शब्दांची चित्रे जोडली आणि उत्तराची वाट पाहत बसलो. आठवडा गेला, महिना गेला, वर्ष गेले. होकार नाही, नकार नाही, 'पोहोचले' एवढेही नाही. आम्ही रागावलो नाही, कारण फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल रागवायचे कोणावर? पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. दार ठोठावल्यावर आतून कोणी 'आज जमणार नाही' म्हटले तर माणूस निमूटपणे घरी जातो. आतून काहीच आवाज आला नाही, तर आपण दार ठोठावले तरी होते का, असा संशय त्याला येऊ लागतो.

२०१८ सालच्या आरंभी, म्हणजे सव्वादोन वर्षांनी, त्या नोंदीखाली अचानक चार ओळी उमटल्या. लिहिणारी एक परदेशी स्वयंसेविका होती. उशीर झाल्याबद्दल तिने प्रथम क्षमा मागितली आणि मग विचारले : प्रणालीच्या नव्या आवृत्तीतही हा दोष दिसतो का? कोणता फॉन्ट वापरता? ज्यात हा एकच शब्द आहे अशी लहानात लहान धारिका पाठवाल का?

त्या बाईंना देवनागरीचे एक अक्षरही वाचता येत नव्हते. त्यांनी आमची दोन्ही चित्रे शेजारी ठेवून, भरतकामाचा नमुना टाक्याटाक्याने ताडून पाहावा तशी आकारांची तुलना केली. फॉन्ट बदलून पाहिले. जुन्या आवृत्त्या एकामागून एक उतरवून घेतल्या आणि दोष नेमका कोणत्या आवृत्तीत शिरला ते शोधून काढले. मग त्यांना आढळले की हाच दोष दुसऱ्या एका माणसाने वेगळ्या शब्दांत आधीच नोंदवला होता. इतकेच नव्हे, एका विद्यार्थ्याने त्यावर दुरुस्तीही पाठवली होती. तपासणाऱ्याने तीत एक प्रश्न विचारला, विद्यार्थी बहुधा परीक्षेच्या गडबडीत असावा, उत्तर आले नाही आणि दीड वर्ष ती दुरुस्ती उंबरठ्यावर पडून राहिली. बाईंनी त्या विद्यार्थ्याला लिहिले : तुम्हांला वेळ नसेल, तर तुमचे नाव राखून दुसऱ्या कोणी हे काम पुरे केलेले चालेल का? त्याने आनंदाने होकार दिला. उरलेले काम थोडेच होते आणि ते आणखी कोणी एकाने पुरे केले.

आपल्या उपासनेत रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. २०१८ सालच्या आगमनकाळात संत लूकचा तोच उतारा पुन्हा आला. आम्ही ते चिंतन पुन्हा छापले. ह्या वेळी दऱ्या दऱ्याच राहिल्या. पत्रक हाती घेऊन आम्ही त्या कोळी गृहस्थांना शोधले, तेव्हा ते वारल्याला वर्ष होऊन गेल्याचे कळले.

ह्या अनुभवातून आम्हांला एका अप्रसिद्ध कामाची ओळख झाली. त्या बाईंनी आज्ञावलीची एक ओळही लिहिली नव्हती. साचलेल्या नोंदी आणि अडकलेल्या दुरुस्त्या निवडणे हेच त्यांचे काम. इंग्रजीत त्याला 'ट्रायाज' म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच आणि त्याचा अर्थ निवडणे, वेगळे काढणे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य दोमिनिक-झां लारे ह्यांनी रणांगणावरील जखमींचा हुद्दा न पाहता जखमेची तीव्रता पाहावी आणि तिच्या क्रमाने उपचार करावेत, असा दंडक घातला. त्या परंपरेतून हा शब्द रुग्णालयांत स्थिरावला आणि तेथून संगणकाच्या जगात आला. आम्हांला मात्र तो ऐकला की ओटीवर सूप घेऊन बसलेली आई आठवते. तांदूळ पिकवणारा वेगळा, शिजवणारा वेगळा, पण मध्ये कोणी खडे निवडले नाहीत तर घास दातांखाली कचकन वाजतो.

ह्या जगातील एक मोठे आणि जुने घर म्हणजे 'डेबियन'. १९९३ सालच्या ऑगस्टमध्ये ईअन मर्डॉक ह्या तरुणाने ही संगणकप्रणाली जाहीर केली. तेव्हाची त्याची मैत्रीण डेब्रा हिचे नाव आणि स्वतःचे नाव जोडून त्याने 'डेबियन' हा शब्द घडवला. जगभरातील स्वयंसेवक ती चालवतात. १९९७ साली त्यांनी आपसांत एक सामाजिक करार केला. आपले दोष आपण झाकून ठेवणार नाही, दोषांची वही सर्वकाळ सर्वांसाठी उघडी राहील, असे त्यात वचन आहे. पापनिवेदनाचा संस्कार मानणाऱ्या आपणांस हे कलम परके वाटू नये. २०२१ सालच्या नोव्हेंबरात ह्या वहीतील नोंदींचा अनुक्रमांक दहा लाखांवर पोहोचला.

त्या वहीची शिस्त पाहण्यासारखी आहे. नोंद आली की तिची तीव्रता ठरवायची. सर्वांत वरच्या पायरीवर सारी यंत्रणा मोडणारे किंवा माणसाचे साठवलेले काम नष्ट करणारे दोष, सर्वांत खालच्या पायरीवर 'असे असते तर बरे झाले असते' अशा निव्वळ इच्छा. मग खुणेची चिठ्ठी लावायची : अधिक माहिती हवी, दोष पुन्हा घडवता आला नाही, मदत हवी, दुरुस्ती सोबत जोडली आहे, हे आम्ही करणार नाही. डेबियनमध्ये हजारो लहानमोठ्या प्रणाली एकत्र बांधलेल्या असतात आणि प्रत्येकीला सांभाळणारा कोणीतरी असतो. सांभाळणारा थकला वा निघून गेला, तर ती प्रणाली 'अनाथ' म्हणून जाहीर होते आणि कोणी पुढे आला तर तो तिला 'दत्तक' घेतो. हे शब्द आमचे नव्हेत, त्यांच्याच व्यवहारातले आहेत. न सांगता दिसेनासा झालेल्या सांभाळकर्त्याला पत्र लिहून 'आपण बरे आहात ना? काम पुढे करणार की दुसऱ्याकडे सोपवू?' अशी विचारपूस करणारे एक पथकही तेथे आहे.

२०१९ साली निवृत्तीनंतर आमच्या हाती वेळ आला. शनिवारी संध्याकाळी, रविवारच्या पत्रकाचे काम संपले की आम्ही आमच्या लेखनप्रणालीच्या वहीत डोकावू लागलो. आज्ञावली आम्हांला येत नाही, पण दोष पुन्हा घडवून पाहायला ती यावी लागत नाही. आधी नोंद लक्ष देऊन वाचायची. लिहिणाऱ्याने केले तेच एकेक पायरीने आपल्या संगणकावर करायचे. दोष दिसला तर तसे लिहायचे, न दिसल्यास काय केले ते सांगून पुढचे विचारायचे. जुनी जुळी नोंद सापडल्यास दोहोंची गाठ घालून द्यायची. देवनागरीच्या नोंदी तर आमच्यासारख्यांची वाटच पाहत होत्या. परदेशी तज्ज्ञाला 'ऱ्या' आणि 'र्या' ह्यांत बरोबर कोणते हे कोण सांगणार? तिसरी-चौथीतील मूल जे सांगू शकेल ते सांगणारा कोणी नाही, म्हणून नोंद वर्षानुवर्षे अडून बसलेली असते.

हे काम गोड आहे, आणि त्यात मोहाची एक जागाही आहे. यादीत साडेतीनशे नोंदी दिसत असतात आणि एक बंद केली की आकडा एकाने उतरतो. तो उतरता आकडा पाहण्याची चटक लागते. पुढे पुढे आम्ही नोंद वाचण्याआधी तिची तारीख पाहू लागलो. जुनी दिसली की ठरावीक मजकुराचे तीन प्रश्न टाकायचे, दोन महिने थांबायचे, उत्तर नाही आले तर 'माहितीअभावी बंद' असा शेरा मारायचा. एका शनिवारी आम्ही अकरा नोंदी बंद केल्या आणि समाधानाने जेवायला बसलो.

त्या अकरांतील एक परदेशातील एका निवृत्त शिक्षकांची होती. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी जी प्रणाली अंध माणसे वापरतात, ती पानाखालच्या तळटीपा वगळून पुढे जाते, अशी त्यांची तक्रार होती. २०२१ सालच्या सप्टेंबरात आम्ही त्यांना आमचे ठरावीक तीन प्रश्न विचारले होते. उत्तर आले नाही. नोव्हेंबरात नोंद बंद केली.

२०२२ सालच्या मार्चमध्ये त्यांचे उत्तर आले. त्यात रागाचा एक शब्दही नव्हता. त्यांनी लिहिले होते की तिसऱ्या प्रश्नात आपण पडद्याचे चित्र मागितले होते. मी अंध आहे. चित्र बरोबर निघाले की नाही हे मला कळत नाही, म्हणून परगावी असलेली मुलगी घरी येण्याची मी वाट पाहिली. ती आता आली आहे. चित्र सोबत जोडले आहे. नोंद बंद झालेली दिसते. ती पुन्हा उघडता येते का, की नवी लिहू?

आम्ही त्यांची मूळ नोंद पुन्हा काढून वाचली. पहिल्याच ओळीत लिहिले होते : मी अंध आहे. आम्ही एका आंधळ्या माणसाला चित्र मागितले होते, आणि ते वेळेवर दिले नाही म्हणून त्याच्या तोंडावर दार लावून घेतले होते.

त्याच आठवड्यात प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवार आला. शुभवर्तमान होते संत लूकच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचे. मळ्याचा धनी तीन वर्षे फळ शोधत येतो, त्याला काही मिळत नाही आणि तो माळ्याला झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. हा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि देवाच्या सहनशीलतेचे ते चित्र आहे, असेच नेहमी समजत आलो आहोत. त्या सकाळी मात्र माळ्याच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग प्रथमच कानी पडला. तो नुसती मुदत मागत नाही. ह्या वर्षात मी झाडाभोवती खणीन आणि खत घालीन, असे तो सांगतो.

आमच्या वाडीत विहिरीच्या अंगाला एक आंबा होता. तो कधी मोहरत नसे. काका म्हणत, तोडून टाकू, जागा मोकळी होईल. आजी म्हणे, असू दे बापडा, कोणाचे काय खातो? वडील दोघांचेही ऐकत नसत. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी ते कुदळ घेऊन त्याच्याभोवती आळे करीत, राखमाती आणि शेण घालीत. आजीला ते म्हणत, "बाय, नुसते राहू दिले म्हणजे राखले असे होत नाही." त्या रविवारी मिस्सेत बसल्याबसल्या आम्हांला आमची अकरा नोंदींची संध्याकाळ आठवली. आम्ही दोन महिन्यांची मुदत दिली होती, पण आळे केले नव्हते.

घरी येऊन आम्ही नोंद पुन्हा उघडली, क्षमा मागितली आणि वाचून दाखवणारी ती प्रणाली स्वतःच्या संगणकावर बसवली. डोळ्यांना पंचा बांधून आम्ही तळटीपा असलेले एक पान ऐकले. तक्रार अक्षरशः खरी होती. मग उरलेल्या दहा नोंदीही पुन्हा वाचल्या. त्यांतील सात बंद करणे योग्यच होते, पण त्या लिहिणाऱ्यांना आता कारण लिहिले. तीन पुन्हा उघडल्या.

आमची ही चूक आता यंत्रांनाही शिकवलेली आहे. 'गिटहब' ह्या संकेतस्थळावर असंख्य मुक्तस्रोत प्रकल्पांचे काम चालते. तेथील 'स्टेल' म्हणजे 'शिळे' नावाचा एक यंत्रसेवक पुष्कळ प्रकल्प कामाला लावतात. त्याची मूळ मांडणी अशी की ६० दिवस कोणी हात लावला नाही तर नोंदीवर शिळेपणाचा शिक्का मारायचा आणि आणखी ७ दिवसांनी ती बंद करायची. प्रकल्प सांभाळणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. हजारो नोंदी एकट्यादुकट्याच्या अंगावर कोसळत असतील तर त्याने काय करावे? परंतु यंत्राला दिवस मोजता येतात, कुदळ धरता येत नाही.

१९९७ साली जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे एरिक रेमंड ह्यांनी 'कॅथीड्रल आणि बाजार' ह्या नावाचा निबंध वाचला. थोड्या जाणत्यांनी बंद दाराआड घडवलेली प्रणाली म्हणजे कॅथीड्रल, सर्वांनी गजबजाटात मिळून घडवलेली म्हणजे बाजार, असे त्यांचे रूपक. पाहणारे डोळे पुष्कळ असले की दोष लपून राहत नाहीत, हे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. ते खोटे नाही. पण बाजारात डोळे पुष्कळ असले तरी पाय थांबत नाहीत. कोणीतरी एकाजवळ थांबून 'बाबा रे, तुझे काय म्हणणे आहे?' असे विचारावे लागते.

असे विचारायला कोणी नसले तर काय होते, हे २०२४ साली जगाने पाहिले. 'एक्सझेड' नावाची, माहिती दाबून लहान करणारी एक साधी प्रणाली आहे. जगातील अगणित संगणकांच्या पोटात ती असते आणि ती वर्षानुवर्षे एकच माणूस, विनामोबदला, फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ पासून जिया तान हे नाव धारण केलेले कोणीतरी तेथे दुरुस्त्या पाठवू लागले. २०२२ साली आणखी काही अनोळखी नावे उगवली आणि त्या माणसाच्या मागे लागली : दुरुस्त्या पडून आहेत, तुमच्याने हे होत नाही, दुसऱ्याला अधिकार द्या. त्या माणसाने उत्तर दिले की आपली आस्था संपलेली नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे काम मंदावले आहे, आणि हा बिनपगारी छंद आहे हेही लक्षात घ्यावे. पुढे त्याने जिया तानला सहकारी करून घेतले. दोन वर्षांनी त्या सहकाऱ्याने प्रणालीत एक चोरदरवाजा बसवला.

तो जगभर पसरण्याआधीच सापडला. आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक अभियंता डेबियनच्या 'अस्थिर' आवृत्तीवर काम करीत असताना दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी खणले, आणि तळाशी तो दरवाजा सापडला. त्यांनी हे जाहीर केले तो दिवस २९ मार्च २०२४. त्या दिवशी गुड फ्रायडे होता.

ह्या हकिकतीत आम्हांला सर्वांत अधिक टोचते ते एकच. त्या थकलेल्या माणसाचे दुखणे हेरले ते त्याचा घात करू पाहणाऱ्यांनी. पडून राहिलेल्या दुरुस्त्यांचा ढीग त्यांना दिसला आणि त्यांनी त्याचेच हत्यार केले. त्याची प्रणाली विनामूल्य वापरणारे आपण कोट्यवधी लोक होतो. आपल्यापैकी चारदोघे जरी आधी जाऊन 'हा ढीग आम्ही निवडून देतो, तुम्ही दम खा' म्हणाले असते, तर त्या दारातून चोराला आत येण्याचे निमित्त उरले नसते. फळ न दिल्याबद्दल झाडाला बोल लावणारे पुष्कळ होते. आळे करायला कोणी गेले नाही.

ही गोष्ट संगणकापुरती असती तर आम्ही ह्या पानांवर ती सांगत बसलो नसतो. आपल्या धर्मग्रामांच्या कार्यालयांत अर्ज पडून असतात, आपल्या संघटनांच्या वह्यांत एकदाच हजेरी लावून न परतलेल्यांची नावे असतात, आपल्या कुटुंबांत उत्तर न दिलेली पत्रे असतात. त्यांतील प्रत्येक गोष्ट पुरी करणे आपल्या हाती नाही. काही अर्ज नाकारावेच लागतात, काही झाडे तोडावीच लागतात. माळ्यानेही ते मान्य केले होते. पण नकार देणारा माणूस आधी वाचतो, विचारतो आणि मग बोलतो. मौनाला यांपैकी काहीच करावे लागत नाही, म्हणून ते सोपे असते आणि म्हणूनच ते दुखवते.

२०२५ सालच्या प्रायश्चित्तकाळात अंजिराच्या झाडाचा दाखला चक्राप्रमाणे पुन्हा वाचला गेला. अंध गुरुजींची नोंद तोवर मिटलेली नव्हती. अर्धा दोष लेखनप्रणालीत आणि अर्धा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीत निघाला होता. पहिल्या अर्ध्याची दुरुस्ती स्वीकारली गेली, दुसरी मधल्या एका तांत्रिक वादात अडकली. आजही ती तेथेच आहे. नवी आवृत्ती आली की आम्ही पंचा बांधून ते पान पुन्हा ऐकतो आणि जे ऐकू आले ते नोंदीखाली लिहितो. दोन-तीन दिवसांत गुरुजींचे उत्तर येते. त्यांनीही ऐकून पाहिलेले असते. कधी ते हवामानाबद्दल लिहितात, कधी मुलीबद्दल.

माळ्याने मागितलेले वर्ष संपल्यावर त्या झाडाला फळ धरले की नाही, हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही. आमच्या वाडीतला आंबाही वडिलांच्या हयातीत मोहरला नाही. पुढल्या आवृत्तीची तारीख मात्र जाहीर झाली आहे, आणि पंचा धुऊन घडी करून संगणकाशेजारी ठेवला आहे.